गुलाबी मेणबत्ती कोणी पेटवायची?

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, मग चहा टाकला आणि तिसऱ्यांदा वाचला. इतरांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. ताई मूळच्या नाशिकच्या, गेली सहा वर्षं इंग्लंडमध्ये नर्स आहेत आणि गावातल्याच अँग्लिकन पॅरिशमध्ये, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या स्थानिक मंडळीत, जातात. ऑक्टोबरच्या शेवटी त्यांची आई नाशिकला वारली. रजा आणि तिकीट जुळेपर्यंत इकडे सगळं उरकणार होतं, म्हणून आईची माती त्यांनी फोनच्या पडद्यावर पाहिली. आता आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, लागला आहे. पहिल्या रविवारी पहिलंच गीत सुरू झालं आणि यांना उठून बाहेर पोर्चमध्ये उभं राहावं लागलं. त्यात तिसऱ्या रविवारची गुलाबी मेणबत्ती, जिला त्यांच्या चर्चमध्ये ‘आनंदाची मेणबत्ती’ म्हणतात, ती पेटवायची पाळी नेमकी यांच्या कुटुंबाची. यादी सप्टेंबरातच लागली होती. आठ वर्षांची मुलगी नाताळच्या नाटकात मेंढपाळ झाली आहे. सोबत राहणाऱ्या सासूबाई म्हणतात, यंदा घरावर नाताळचा तारा नको, फराळ नको. ताई विचारतात, ‘नाताळ होईपर्यंत चर्चला जाणं थांबवू का? मी रडत बसले तर लोकांच्या आनंदावर विरजणच ना?’

मी 31 वर्षं पाळक होतो. बहुतेक सेवा पुणे आणि नगरकडच्या मंडळ्यांत झाली, मधली चार वर्षं बर्मिंगहॅमजवळच्या एका पॅरिशमध्ये. त्यामुळे तुमच्या दोन्ही घरांची थोडीफार माहिती आहे. तरी जे सांगतो ते तुमचं चर्च कुठल्या वळणाचं आहे यावर बरंच अवलंबून आहे. धूप आणि घंटा असलेलं आहे की गिटार आणि पडदा असलेलं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. व्हिकर, म्हणजे तिथला पाळक, ऐकून घेणारा आहे की दारात हात मिळवून पुढच्याकडे वळणारा, तेही मला ठाऊक नाही. जिथे त्यामुळे फरक पडेल तिथे तसं सांगतो.

जावं की न जावं असं तुम्ही विचारलंत. मला त्याखाली दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. एक म्हणजे तुमच्या आईची अंत्ययात्रा झाली, पण तुमच्यासाठी झाली नाही. दुसरी म्हणजे आगमनकाळ हा नाताळचाच लांबलेला महिना आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. यात तुमचा दोष नाही. इंग्लंडची दुकानं नोव्हेंबरपासून तेच सांगत असतात, आणि आपल्याकडेही डिसेंबर उजाडला की तरुण संघाची कॅरलची धावपळ सुरू होते.

आधी दुसरी गोष्ट घेतो, कारण ती सोपी आहे.

आगमनकाळाचा रंग जांभळा आहे, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा असतो तोच. वेदीवरचं वस्त्र, पाळकाच्या गळ्यातला पट्टा, सगळं जांभळं. चर्च ऑफ इंग्लंडच्या आजच्या उपासनाक्रमात या चार आठवड्यांत प्रभुभोजनाच्या वेळी देवदूतांचं गौरवगीत गाळण्याची मोकळीक आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते गाळतात. देवदूतांनी ते गायलं नाताळच्या रात्री, तोवर तोंड मिटून थांबायचं. पहिल्या रविवारचं शुभवर्तमान काढून बघा. तीन वर्षांचं वाचनचक्र आहे, मत्तय, मार्क, लूक असं फिरतं, पण तिन्ही वर्षी त्या दिवशी बाळ नाही, गोठा नाही. सूर्य अंधारतो, समुद्र खवळतो, जागे राहा असं सांगितलं जातं. मत्तयच्या वर्षी तर रात्री येणाऱ्या चोराचा दाखला आहे, घरधन्याला वेळ कळली असती तर तो जागाच राहिला असता. नाशिकहून फोन आला तेव्हा तुमच्याकडे किती वाजले होते, तुम्ही लिहिलं नाही. पण हा दाखला तुम्हाला कोणी उलगडून सांगायला नको.

जुन्या काळी या चार रविवारी चार विषयांवर उपदेश देत: मरण, न्याय, स्वर्ग, नरक. मी स्वतः तो क्रम पाळला नाही. नाताळच्या तोंडावर नरकावर बोलायला माझा धीर झाला नाही, हे कबूल करतो. पण पहिला विषय मरण होता हे लक्षात ठेवा. इंग्लंडचे आर्चबिशप क्रॅन्मर यांनी 1549 च्या प्रार्थना-पुस्तकासाठी रचलेली पहिल्या रविवारची प्रार्थना अंधाराची कामं टाकून प्रकाशाची शस्त्रसामग्री धारण करण्याची कृपा मागते, आणि ती ‘आता, या नश्वर आयुष्यात’ मागते. त्याच पुस्तकाच्या 1662 च्या आवृत्तीत सूचना आहे की ही प्रार्थना नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत रोज म्हणायची. म्हणजे नश्वर हा शब्द रोज कानावर पडलाच पाहिजे, अशी सोय करून ठेवलेली आहे.

त्याच 1662 च्या पुस्तकात सगळी स्तोत्रं महिनाभरात वाचून होतील अशी वाटणी आहे. 17 तारखेच्या सकाळी स्तोत्र 88 येतं. दुःखाची बाकीची बहुतेक स्तोत्रं शेवटाकडे वळण घेतात, ‘तरी मी तुझी स्तुती करीन’ असं काहीतरी येतं. हे मात्र असं आहे की वळतच नाही, अंधारातच संपतं. बर्मिंगहॅमला असताना 17 डिसेंबरच्या सकाळी थंडगार चर्चमध्ये आम्ही तिघंजण ते म्हणायचो, मी आणि दोन निवृत्त शिक्षिका. स्तोत्र संपलं की जरा वेळ कोणी काही बोलायचं नाही. मग त्यातली एकजण घसा खाकरून पुढचं पान उलटायची. त्या पानाच्या आवाजाने मला जेवढा आधार दिला तेवढा कुठल्या उपदेशाने दिला नसेल.

तेव्हा तुमचं रडणं या काळात परकं नाही. पोर्चमध्ये जावंसं वाटलं तर जा, पण तो गुन्हा समजून जाऊ नका.

मी स्वतः हे उशिरा शिकलो. नवा पाळक असताना आमच्या मंडळीतल्या एका बाईंचे यजमान नोव्हेंबरात गेले. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी त्या चर्चच्या पायरीवर भेटल्या आणि मी म्हणालो, ‘बाई, नाताळ आलाय, आनंद करा, ते प्रभूजवळ आहेत.’ शब्द सगळे बरोबर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या बुटांकडे पाहिलं. त्यानंतर त्या थेट गुड फ्रायडेला आल्या. पुढे ओळख वाढल्यावर मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, ‘साहेब, गुड फ्रायडेला रडलं तर कोणी काही म्हणत नाही.’ चार महिने त्यांनी रडण्यासाठी योग्य दिवसाची वाट पाहिली, आणि त्याला मी कारण झालो.

आता पहिली गोष्ट, अंत्यविधीची. ही अवघड आहे.

आपल्याकडे माणूस सकाळी गेलं की संध्याकाळपर्यंत, फार तर दुसऱ्या दिवशी माती होते. गल्ली गोळा होते, शेजारचे पिठलं-भाकरी आणतात, रात्रभर गीतं चालतात, मग दोन-तीन दिवसांनी सांत्वनाची प्रार्थना. इंग्लंडमध्ये अंत्यविधीला दोन-तीन आठवडे सहज जातात, कधी जास्तच. पण मग त्या दिवशी लोक काळे कपडे करून येतात, छापील कार्यक्रमपत्रिका असते, नंतर सँडविच आणि चहा. तुमच्या वाट्याला दोन्हीतलं काहीच आलं नाही. नाशिकची गल्ली तुमच्यापर्यंत पोचली नाही, आणि तुमच्या पॅरिशच्या लेखी अंत्यविधीच झाला नाही, त्यामुळे त्यांना तुम्हाला काय म्हणावं ते कळत नाही. इंग्रज माणूस अशा वेळी हवेबद्दल बोलतो. तो कोरडेपणा नसतो, त्याला दारच सापडत नाही. ते दार तुम्हाला उघडावं लागेल, आणि हे तुमच्यावर अन्यायाचं आहे, तेही मला मान्य आहे.

दार असं उघडता येतं. व्हिकरला सांगा की मला आईसाठी स्मरण-उपासना हवी आहे. ‘कॉमन वर्शिप’ या त्यांच्या उपासना-ग्रंथात अंत्यविधीनंतर काही काळाने करायच्या स्मरण-उपासनेचा नमुना छापलेला आहे, म्हणजे तुम्ही काही जगावेगळं मागत नाही. रविवारी दुपारी, अर्ध्या तासाची, दहा माणसं असली तरी चालेल. एक वाचन इंग्रजीत, एक मराठीत. आईच्या आवडीचं गीत मराठीतच म्हणा, कोणाला कळलं नाही तरी चालेल. नाशिकचे लोक फोनवर असू द्या. या वेळी पडद्यावर ते, आणि चर्चमध्ये तुम्ही.

उशिराची उपासना म्हणजे दुय्यम, असं मनात येत असेल तर तुमच्या शरणपूरचीच एक गोष्ट सांगतो. रस्त्याचं नाव आता गाड्यांच्या शोरूममुळे माहीत असतं, पण एकोणिसाव्या शतकात तिथे मिशनची वसाहत होती आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे शिकत. त्यातला एक जेकब वेनराइट. 1873 च्या मे महिन्यात आफ्रिकेत फिरलेले स्कॉटिश मिशनरी लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियातल्या चितांबो गावी वारले तेव्हा हा त्यांच्या सोबत्यांत होता. त्यांचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं, आणि अंत्यविधीची प्रार्थना या नाशिकला शिकलेल्या जेकबने वाचली. मग देह वाळवून, कापडात गुंडाळून, कित्येक महिने चालत सोबत्यांनी तो किनाऱ्यावर आणला. 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दुसरा अंत्यविधी झाला तेव्हा शवपेटीला हात लावून चालणाऱ्यांत जेकबही होता. मृत्यूनंतर जवळजवळ वर्षाने. माणूस एक, प्रार्थना दोन, दोन खंडांवर. पहिली झाली म्हणून दुसरी खोटी ठरली नाही.

मृतांसाठी प्रार्थना करावी की नाही, यावर तुमच्या चर्चमध्ये वेगळं मत असू शकतं. 1549 च्या पुस्तकात ती होती, 1552 च्या पुस्तकातून काढली. मग पहिल्या महायुद्धात घरोघरी मुलगे गेले आणि त्यांच्या कबरी फ्रान्समध्ये राहिल्या, तेव्हा ती पुन्हा रुळली. धूपवाल्या चर्चमध्ये आईचं नाव घेऊन ‘तिला चिरविश्रांती दे’ म्हणतील. गिटारवाल्या चर्चमध्ये ‘तिच्या आयुष्याबद्दल आभार, आणि तिच्या मुलीला धीर दे’ म्हणतील. आपल्या मराठी मंडळ्यांतही हे दोन्ही सूर आहेतच. नाशिकची मिशन एका वळणाची, पुण्याच्या पंचहौदाची दुसऱ्या, नगरची अमेरिकन मिशन तर अँग्लिकनच नव्हती. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सगळे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तो आगमनकाळाचाच पहिला रविवार होता, पण सवयी काही एका दिवसात एक झाल्या नाहीत. तेव्हा शब्दांवर अडू नका. नाव मोठ्याने घेतलं जाणं महत्त्वाचं आहे. 2 नोव्हेंबरच्या सुमाराला तिथे वर्षभरातल्या मृतांची नावं वाचतात. तुमची आई नुकतीच गेली होती, तुम्ही कोणाला सांगितलंही नसेल, ते नाव सुटलं असणार. आगमनकाळात ते मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी केल्या जाणाऱ्या, प्रार्थनेत घालायला कोणाचीच हरकत नसते.

आता गुलाबी मेणबत्ती.

आधी हे आगमनकाळाच्या मेणबत्त्यांचं, दर रविवारी एक पेटवायचं चक्र आलं कुठून ते बघा. 1839 मध्ये हॅम्बुर्गला योहान विखर्न नावाच्या पाळकाने अनाथ आणि गरीब मुलांच्या आश्रमात गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, कारण मुलं रोज विचारायची, ‘नाताळला किती दिवस राहिले?’ दिवस मोजायचं साधन ते. पुढे त्याच्या चारच मेणबत्त्या राहिल्या, आणि आशा, शांती, आनंद, प्रीती ही नावं नंतर चिकटली. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी दुसरी नावं चालतात: कुलपती, संदेष्टे, बाप्तिस्मा करणारा योहान, मरीया. त्या हिशेबाने तिसरी मेणबत्ती योहानाची.

आणि तिसऱ्या रविवारी योहान कुठे असतो? 1662 च्या पुस्तकात दरवर्षी, आणि आजच्या चक्रात मत्तयच्या वर्षी, त्या दिवशीचं वाचन मत्तयच्या 11 व्या अध्यायातलं आहे. योहान तुरुंगात आहे. ज्याने साऱ्या यहुदियाला बोट दाखवून सांगितलं की तो येतो आहे, तोच आता निरोप पाठवून विचारतो की येणारा तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? गुलाबी रंगही ज्या वचनावरून आला ते ‘आनंद करा’ हे पौलाचं, फिलिप्पैकरांस लिहिलेलं, आणि पौलही ते लिहिताना बेड्यांत होता. मला हे पाठ असूनसुद्धा कितीतरी वर्षं दिसलं नव्हतं की आनंदाच्या रविवारची दोन्ही माणसं कोठडीत आहेत. तेव्हा ती मेणबत्ती पेटवायला हसरा चेहरा लागतो, असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर त्याला मत्तय उघडून द्या.

पेटवावी का? मी तुमच्या जागी पाळी सोडली नसती, पण वाटून घेतली असती. प्रार्थना दुसऱ्या कोणाला वाचू द्या, यजमानांना किंवा मागच्या बाकावरच्या एखाद्या आजोबांना. वात मुलीच्या हातात द्या. तिला आदल्या दिवशी रिकाम्या चर्चमध्ये नेऊन एकदा करून बघू द्या, कारण गुलाबी मेणबत्ती नवी असते, वात मेणात रुतलेली असते, पटकन धरत नाही आणि मूल घाबरतं. तुम्ही फक्त तिच्या मागे उभ्या राहा, खांद्यावर हात ठेवून. सगळं मिनिटभरात होतं. चर्चवॉर्डनला, म्हणजे चर्चची व्यवस्था पाहणाऱ्याला, आधी सांगून ठेवा की सकाळी जमलं नाही तर मी दारातून मान हलवीन, तुम्ही पुढे व्हा. अशी सुटका हाताशी असली की बहुतेक वेळा वापरावी लागत नाही. वापरावी लागली तरी काही बिघडत नाही.

न गाता येण्याबद्दल. जखऱ्या आठवा, योहानाचा बाप. मंदिरात धूप जाळायला आत गेला, देवदूताने बातमी दिली, आणि वाचा बसली. बाहेर लोक प्रार्थना करत उभेच होते. मुलाचं नाव पाटीवर लिहून देईपर्यंत तो मुका राहिला, आणि तेवढे दिवस मंदिराची उपासना काही बंद पडली नाही. आपण एकट्याने उपासना चालवत नाही, त्याचा हाच उपयोग. तुमच्या ओळी पुढच्या बाकावरची माणसं म्हणतील. पुढे कधीतरी तुम्ही त्यांच्या म्हणाल.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझे वडील 9 डिसेंबरला नगरला गेले तेव्हा मी बर्मिंगहॅमजवळ होतो आणि मलाही पोचता आलं नाही. त्यानंतरच्या आठवड्यात नऊ वाचनांची कॅरल-उपासना होती. ती सुरू होताना पाळक एक लांब निमंत्रण-प्रार्थना वाचतो. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये एरिक मिल्नर-व्हाइट यांनी ती 1918 च्या नाताळच्या पूर्वसंध्येसाठी लिहिली. युद्ध थांबून सहा आठवडे झाले होते, ते स्वतः सैन्यातून पाळकाचं काम करून परतलेले. मूळ नऊ वाचनांचा आराखडा 1880 च्या ट्रूरोचा, पण ही प्रार्थना त्यांची. सगळं जग ज्या उपासनेला नाताळचा थाट समजतं, तिच्या पहिल्याच प्रार्थनेत गेलेल्यांची आठवण आहे, जे पैलतीरावर, अधिक मोठ्या प्रकाशात आपल्याबरोबर आनंद करतात त्यांची. मी त्या ओळीपर्यंत पोचलो आणि पैलतीरावर अडकलो. आवाजच येईना. ऑर्गनवाल्याने एक सूर हलकेच धरून ठेवला. आमच्या चर्चवॉर्डन, सत्तरी ओलांडलेल्या, काठी टेकत वर आल्या, माझ्या पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवलं आणि पुढचं वाचून टाकलं. परत जाऊन बसल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात झाकण लावलेलं सुपाचं पातेलं होतं आणि चिठ्ठी: ‘भांडं बुधवारी न्यायला येते.’ मला तेव्हा वाटलं, हे काय सांत्वन! बुधवारी त्या आल्या, दीड तास बसल्या, स्वतःच्या नवऱ्याबद्दल बोलल्या, मी वडिलांबद्दल बोललो. भांडं न्यायला येणं हे निमित्त होतं, ते मला बुधवारी कळलं.

बाकी व्यवहाराचं पटापट सांगतो. मोठ्या गर्दीच्या सगळ्या उपासना झेपणार नाहीत, झेपायलाच हव्यात असंही नाही. तुमच्याकडे रविवारी सकाळी आठची, गाण्यांशिवायची प्रभुभोजनाची उपासना असेल तर हे चार आठवडे तिला जा. पंधरा माणसं, कोणी गप्पा मारत नाही, पाऊण तासात मोकळ्या. कॅरलची एकच उपासना निवडा, अंधार करून मेणबत्त्यांत होणारी असेल तर उत्तम, कारण अंधारात चेहरे दिसत नाहीत. बाकाच्या कडेला बसा. नंतरच्या चहा आणि मिन्स पायला (नाताळचा गोड खाऊ) थांबू नका, खरं तर लोकांचे प्रश्न तिथेच झेलावे लागतात. 21 डिसेंबरच्या आसपास, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्री, शोकात असलेल्यांसाठी खास उपासना बऱ्याच ठिकाणी होते. तुमच्या पॅरिशमध्ये नसेल तर शेजारच्या पॅरिशमध्ये विचारा. जुन्या पंचांगात 21 डिसेंबर हा थोमाचा दिवस. घाव पाहिल्याशिवाय मी मानणार नाही म्हणणारा आपला थोमा त्या रात्रीला शोभतो. नव्या पंचांगाने त्याला 3 जुलैला हलवलं, ते मला अजून पटलेलं नाही.

मुलीच्या नाटकाला मात्र जा. मूल पाच मिनिटं आजीसाठी रडतं आणि सहाव्या मिनिटाला मेंढपाळाच्या डोक्याचा टॉवेल शोधतं. दोन्ही खरंच असतं. ती तुमच्यासमोर हसायला घाबरू लागली तर ते तिच्यावर ओझं होईल.

सासूबाईंशी वाद घालू नका. आपल्यात सुतक नाही हे त्यांनाही माहीत असणार. पण ‘वर्षाचा पहिला सण करायचा नाही’ ही चाल आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून घेतली, ती ना आज्ञा आहे ना पाप. मी आधी विचारलं असतं की त्यांना नेमकं काय नको आहे. कदाचित विहिणीचं जाणं त्यांनाही लागलं असेल, आणि परदेशात ते दाखवायची त्यांच्याकडे तारा न लावणं ही एकच रीत असेल. माझं स्वतःचं मत विचाराल तर तारा लावावा आणि पाहुणे बोलावू नयेत. फराळ पाच पदार्थांचा नको, आई जे करायची त्यातलं एकच करा. करंज्या असतील तर करंज्या. सासूबाईंना सारण भाजायला बसवा. पहिली खेप बिघडेल, आईचं प्रमाण कोणी लिहून ठेवलेलं नसतं. एक डबा त्या व्यक्तीकडे द्या जिने तुम्हाला पोर्चमध्ये उभं पाहिलं आणि काही विचारलं नाही. भांडं न्यायला बुधवारी येते म्हणून सांगा.

एका बाबतीत मात्र थांबू नका. रडणं हे आजारपण नव्हे. पण झोप अजिबात नाही, अन्न जात नाही, ड्यूटीवर हात थरथरतात, किंवा जगण्यात अर्थ नाही असं मनात येऊ लागलं, तर व्हिकरच्या आधी तुमच्या डॉक्टरांकडे जा. तुम्ही नर्स आहात, इतरांना हे रोज सांगत असाल. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर तिथे समॅरिटन्सचा 116 123 हा फोन चोवीस तास आणि मोफत असतो. शोकात असलेल्यांना आधार देणारी क्रूस नावाची संस्थाही आहे, पण तिथे थोडं थांबावं लागू शकतं.

आजच्या आज करायचं एवढंच: व्हिकरला चार ओळींची मेल. आई गेली, मी माती फोनवर पाहिली. मला तिच्यासाठी छोटी उपासना हवी आहे. तिसऱ्या रविवारी मेणबत्ती मुलगी पेटवेल, प्रार्थना दुसरं कोणी वाचेल. या रविवारपासून आईचं नाव प्रार्थनेत घ्यावं. जास्त खुलासे करू नका, इंग्रजीत माफी मागत बसायची सवय आपल्याला पटकन लागते.

आणि नाव लिहिताना एक काळजी घ्या. जे कोणी मध्यस्थीची प्रार्थना वाचणार असेल त्यांना उपासनेआधी पाच मिनिटं वेस्ट्रीच्या, म्हणजे पाळक झगा घालतात त्या खोलीच्या, दारात गाठा आणि नाव म्हणून दाखवा, दोनदा, त्यांच्याकडून म्हणवून घ्या. माझ्या वडिलांचं नाव यशवंत. ते ऐन वेळी कागदावरून ‘येसवंट’ असं वाचलं गेलं, आणि माझं त्या प्रार्थनेतलं सगळं लक्ष त्या टवर जाऊन बसलं. पुढच्या रविवारी मी त्या गृहस्थांना धरून ‘त’ शिकवला. जीभ दातांना लावा म्हटलं. त्यांनी सहा-सात वेळा म्हणून पाहिलं, मग खिशातून पेन काढून कागदावर दाताचं छोटं चित्र काढून घेतलं.